पूर्ण वाक्याचे दामूकाका

दामूकाका गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. "ताई, सकाळी पेपर वाचता वाचताच…"

जुन्या इंदुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका एका हिंदी दैनिकात अग्रलेख लिहायचे. मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे बायबलमधली वचनं तोंडपाठ, आणि ती फिरवून राजकारणावर लिहायची त्यांना भारी हौस. श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या छिद्रातून जाणं सोपं, हे वचन फिरवून कापड मिल बंद पडली तेव्हा त्यांनी लिहिलं, "ऊँट सुई के छेद से निकल जाएगा, मज़दूर मिल के गेट से नहीं." चहाच्या टपऱ्यांवर ते वाक्य कितीतरी दिवस फिरत होतं.

माझे बाबा त्याच मिलमध्ये विणाई खात्यात होते. गेटला कुलूप लागल्यावरही ते रोज सकाळी तिथे जाऊन बसत. नव्या आर्थिक धोरणाचे दिवस होते ते. एका अर्थतज्ज्ञानं दुसऱ्या पेपरात मिलच्या कामगारांना सुनावलं, जो काम करणार नाही तो खाणारही नाही, बायबलच सांगतं. बाबांनी ते वाचलं आणि त्या दुपारी पानावर बसलेच नाहीत. "भूक नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. आई घाबरून काकांकडे धावली.

काका बनियनवरच आले, हातात बायबल. बाबांसमोर जमिनीवर बसले.

"वसंतराव, यानं वाक्य कापलंय. पूरा सुनो. ज्याची काम करायची इच्छा नाही, त्यानं खाऊ नये, असं आहे. इच्छा! तुम्ही रोज गेटवर कशाला जाता?"

"उघडेल म्हणून…"

"मग? जेवा आता, भिया." इंदुरात भावाला अशीच हाक मारतात.

बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग आईला म्हणाले, "वाढ. दोघांनाही."

'इच्छा' या एका शब्दावर काकांनी अग्रलेख लिहिला, तो गेटवर मोठ्यानं वाचला गेला. मिल उघडली नाही. बाबांनी पुढे किराणा दुकानात नोकरी धरली, पण मान खाली घालून नाही. काकांनीही वचनं फिरवणं सोडलं नाही, फक्त आधी मूळ वचन द्यायचे, मग आपलं. "गंमत करायची तर उघड करावी," म्हणायचे.

मी आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात कुणी मोठ्या माणसाचं वाक्य फेकलं की विचारते, मूळ कुठे आहे? मुलं कंटाळतात. परवा मात्र एक मुलगी असंच एक वाक्य मूळ पुस्तकात शोधायला खरंच लायब्ररीत गेली आणि धापा टाकत परत आली.

"मॅडम, आगे भी कुछ लिखा है!"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "वाच."