वन्संनी उसवलेलं झबलं

आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, शिवणकाम करायच्या. त्यांनी मारलेली टीप पट्टी लावून बघा, केसभर ढळायची नाही. लोक त्यांना सरळबाई म्हणत. नाक तेवढं वाकडं होतं, पण ते देवानं शिवलेलं. हाती लागलं असतं तर तेही उसवलं असतं.

नातीच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पांढरं झबलं शिवायला घेतलं. बाही शिवायची, बघायची, उसवायची. झबलं होईना म्हणून बाप्तिस्मा दोनदा पुढे गेला. पोर जन्मापासून छातीनं नाजूक. त्यांची सून माझ्याकडे येऊन रडली. पाळकांनी सांगून पाहिलं, कुठल्याही कपड्यात आणा. वन्सं म्हणाल्या, देवापुढे वाकडं चालत नाही.

म्हणून एका दुपारी मीच गेले. जिन्यात मशीनचा आवाज येत होता. दार लोटलं, तर वन्सं पार खिडकीशी, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मशीनचं पायडल एकटंच हलत होतं. हळूहळू थांबलं. आत्ताच उठल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण गुडघे धरलेली बाई इतक्या झटक्यात उठते कुठली?

झबलं दोरीवर टांगलेलं. उसवून उसवून त्याला सुईची इतकी भोकं पडलेली, की उन्हाचे ठिपके भिंतीवर उतरले होते. ठिपक्यांचं एक मूलच उभं होतं. वारा नव्हता. तरी त्याची एक बाही हलत होती, आणि ती दुसरीपेक्षा लांब होती. दोरीवर मात्र दोन्ही बाह्या सारख्या.

"वहिनी, तुम्हालाही दिसतंय ना?" वन्संनी विचारलं.

मग चाळीस वर्षांत न काढलेली गोष्ट त्यांनी काढली. त्यांची पहिली मुलगी दहा दिवसांची गेली. घाईत शिवलेल्या झबल्याची एक बाही लांब राहिली, तशीच पोर पुरली. देवानं तिला स्वर्गाच्या दारातच अडवलं असेल, असं त्यांना वाटायचं. ही नात तरी अडायला नको.

मला अक्षर कसंबसं लागतं, बायबल मी ऐकूनच शिकले. पण एवढं ठाऊक होतं.

"वन्सं, प्रभू थडग्यातून उठला तो हातांतली खिळ्यांची भोकं बुजवून नाही आला. तीच दाखवून ओळख दिली. स्वर्गातल्या बापानं त्याला भोकांसकट घरात घेतलं, आणि तुमच्या लेकीची बाही तो मोजत बसेल होय?"

वन्संनी उठून झबलं दोरीवरून काढलं आणि सुनेच्या हातात दिलं.

रविवारी पाळकांनी पोर हातात घेतली आणि विरलेलं कापड खांद्यावर टर्रकन फाटलं. वन्संचा हात पुढे गेला. अर्ध्यात थांबला. पाळकांनी पाणी घातलं. वन्संनी तोच हात छातीशी नेला आणि हळूच एक नाव घेतलं, त्या दहा दिवसांच्या लेकीचं. मी ते तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

मागच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं. मी वळून बघितलं नाही. माझी मान तशीही वळत नाही.