बेसमेंटचा खासदार

जहाजांचं वेल्डिंग करून निवृत्त झालेले तांडेल स्कारबरोत मुलाच्या बेसमेंटमध्ये राहत. सांधा पक्का झाल्याशिवाय हात न काढणारा माणूस, हट्टही तसाच. त्यांना खाली सुके बोंबील भाजायचे होते. वकील सुनेची, अपूर्वाची, सक्त मनाई.

"बेसमेंट म्हणजे माझा स्वतंत्र प्रांत."

"प्रांत नव्हे बाबा, टेरिटरी. इथल्या उत्तरेकडच्या युकॉनसारखी. अधिकार वरून मिळतात, वरूनच काढून घेता येतात."

"मग मी सेंट पिअर! न्यूफाउंडलंडजवळचं फ्रान्सचं बेट. राज्य पॅरिसचं, पण बेटाचा खासदार तिथे जाऊन बोलतो. मीही वर येऊन बोलणार. आमटीत मीठ किती, टीव्हीवर काय, सगळ्यावर."

"रोज?"

"तिन्हीत्रिकाळ."

अपूर्वा मग म्हणाली, "खिडकी उघडून भाजा. पण खासदार पाठवू नका."