चार ट्रॉल्या शेण आणि एक हेक्टर पाणी

“मासे पाण्यात बुडून मेलेत,” असं मी म्हटलं, तेव्हा तलावाच्या पाळीवर उभी सगळी माणसं हसली. मुरलीधर हसला नाही. त्याची कॉलर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष श्रावणभाऊ यांच्या मुठीत होती.

सकाळचे साडेसहा. अड्याळच्या बाजूचं गाव. मी मत्स्य विभागात आहे. सोसायट्यांना मासे वाढवायला शिकवतो. पाण्यावर कटला आणि रोहू पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जिवंत होते ते तोंड वर काढून हवा गिळत होते. तलावाला लागून मुरलीधरचा उन्हाळी धान. आदल्या दिवशी त्यानं खोडकिड्यासाठी फवारणी केली होती. श्रावणभाऊंचा तपास तिथेच संपला होता.

“साहेब, कागदावर विष लिवा. याले ठाण्यात नेऊन राहिलो आम्ही.”

“मी कायले विष टाकू जी? माझे बैल याच तलावाचं पाणी पेतेत,” मुरलीधर म्हणाला.

“आज पाजलं का बैलाले?”

मुरलीधरनं पाजलं नव्हतं.

मी मीटर पाण्यात सोडला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तो मोजतो. मासा जगतो त्याच ऑक्सिजनवर. तो संपला की मासाही गुदमरतो. रोहूला लिटरमागे निदान तीन-चार मिलिग्रॅम लागतो. मीटर ०.८ दाखवत होता.

“मंग औषधानंच संपला असन,” श्रावणभाऊ म्हणाले.

मी जाळं टाकायला लावलं. तीन मरळ आल्या, तिन्ही उड्या मारत. मरळ वर येऊन थेट हवा घेते. पाण्यात विष असतं तर तीही मेली असती. काठावरची बेडकंही ठणठणीत होती.

“मरळ चिवट रायते जी.” कॉलर सुटली नाही.

मग मी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. “शेण किती टाकलं?”

तलावात शेण टाकायचं असतंच. त्यानं पाणी हिरवं होतं, म्हणजे बारीक शेवाळ वाढतं, आणि त्यावर मासे पोसतात. पण हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं. सडणारं शेणही वापरतं. पहाटे शिल्लक सगळ्यात कमी. त्यात तीन दिवस आभाळ होतं. ऊन नाही, तर कमाईही नाही.

“तुम्ही सांगितलं तेवढंच. चार ट्रॉल्या.” श्रावणभाऊंनी खिशातून चिठ्ठी काढली. अक्षर माझं, सही माझी. तलाव चार हेक्टर, हेक्टरी एक ट्रॉली. गुणाकार बरोबर होता. आकडा मी ऑफिसात बसून रेकॉर्डमधून घेतला होता.

मी टेप काढला. पाणी सव्वाशे मीटर लांब, ऐंशी रुंद. म्हणजे एक हेक्टर. उन्हाळ्यानं आटलेल्या उरलेल्या तीन हेक्टरांत म्हशी चरत होत्या.

सगळं ढगांवर ढकलता आलं असतं. ढग काही ठाण्यात येत नाहीत. पण तरीही मुरलीधरला नेलंच असतं.

“श्रावणभाऊ, त्याला सोडा. चिठ्ठी चुकली. चूक माझी.”

पाळीवर कुणी हसलं नाही. कॉलर सुटली.

उरलेले मासे वाचवायचे तर पाणी उपसून उंचावरून परत तलावात पाडायचं होतं, म्हणजे त्यात हवा मिसळते. जवळ डिझेल इंजिन एकच होतं. मुरलीधरचं.

“आत्ता विष टाकणारा मी ना?” तो म्हणाला. “मंग माझ्या इंजिनातून अमृत निंगन का?”

श्रावणभाऊ पुढे झाले. त्यांनी मुरलीधरची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली, वरचं बटणही लावून दिलं. “चाल बावा, सुरू कर. डिझेल सोसायटीचं.”

दुपारी ऊन पडलं. चार वाजता मीटर सहावर गेला. मोठे कटले बहुतेक गेले, रोहू बरेच वाचले. संध्याकाळी मुरलीधरनं सगळ्यांदेखत बैलांना तलावावर आणलं आणि ते पोटभर पाणी प्याले.

मी रिपोर्टात कारण लिहिलं: पाणी न मोजता शेणाची मात्रा दिली.

वरिष्ठ म्हणाले, “अहो, नैसर्गिक कारण लिहायचं ना!”

“शेण नैसर्गिकच होतं, सर. हिशेब माझा होता.”

तेव्हापासून मी आधी टेप टाकतो, मग चिठ्ठी लिहितो. टेपचं दुसरं टोक श्रावणभाऊ धरतात. आकडा ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतात.