तात्यांकडे नेलेलं समन्स

सोमवारी घर खाली करा, असं बेलिफ सांगून गेला होता. म्हातारी माझ्या पडवीत येऊन बसली तो दिवस गुरुवार होता. मालगुंडकडच्या एका गावातून पहाटे निघून, तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी उतरून ती रत्नागिरीला आली होती. गावाचं नाव सांगत नाही. वकिलाला काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

नवरा वारल्यावर घर तिच्या मुलाच्या, गोविंदाच्या नावावर झालं होतं. दिरानं त्याच्यावर दावा लावला होता. म्हणणं असं की, जागा माझ्या वाटणीची, भावाला घर बांधायला नुसती परवानगी दिली होती. गोविंदा कोर्टात आला नाही, म्हणून एक्स पार्टी, म्हणजे एकतर्फी हुकूमनामा झाला. दुसऱ्या बाजूचं काही न ऐकता दिलेला निकाल.

मी कोर्टातून कागद पाहून आलो. प्रतिवादीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘हल्ली राहणार मुंबई’. आमच्याकडे घरात नसलेला प्रत्येक पुरुष मुंबईलाच असतो. कोर्टही त्यावर जास्त विचारत नाही. मीच असे शेकडो अर्ज लिहिले असतील.

“मुंबईत कुठे असतो गोविंदा?”

“मुंबईला नाय ओ. पलटनीत हाय. तिकडं वर, पठानांच्या मुलखात.”

मी सावरून बसलो. शिपायांसाठी एक कायदा आहे. शिपाई सरहद्दीवर किंवा लढाईवर असेल, आणि तसं त्याच्या कमांडिंग ऑफिसरचं सर्टिफिकेट आलं, तर त्याच्यावरचा दावा थांबवावा लागतो. त्याच्या पाठीमागे हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेता येतो. शिवाय प्रतिवादी असा शिपाई आहे हे दावा लावणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानं ते स्वतःहून अर्जात लिहायला हवं.

“दारावर कोर्टाचा कागद चिकटवला होता. तो पाहिला नाही तुम्ही?”

“बगितला तर. सोडवून तात्यांकडं न्हेला. तात्यांनी वाचलनी नि सांगितलनी, घरपट्टीचा हाय, ऱ्हाऊदे माज्याकडं.”

“तात्या कोण?”

“माजे दीर. गावात वाचनारे तेच. गोविंदाची पत्रं तेच वाचून दाखवतात. उलट पत्र बी तेच लिवतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यानं दावा लावला, त्याच्याकडेच ही बिचारी समन्स वाचून घ्यायला गेली होती! आणि त्यानं ते शांतपणे घडी करून ठेवून घेतलं होतं. गोविंदाची सगळी पत्रंही त्याच्याच पेटीत. ‘तुझ्याकडे वाळवी खाईल’ म्हणाला होता.

कलेक्टर कचेरीत पलटणीत गेलेल्यांची यादी असे. तिथून गोविंदाचा नंबर आणि पत्ता मिळाला. मी तार केली आणि मागोमाग सविस्तर पत्र टाकलं. त्याच्या पलटणीच्या साहेबाकडे दोन गोष्टी मागितल्या. एक सर्टिफिकेट. दुसरं, गोविंदाला घरून आलेली पत्रं, जेवढी त्यानं जपली असतील तेवढी.

शनिवारी स्टेसाठी अर्ज दिला. सबजज्जसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“हुकूमनामा झाला, बेलिफ निघाला, आणि आता तुमचा शिपाई उगवला?”

“शिपाई होताच, साहेब. लपवला होता.”

समोरचे वकील उसळले. “माझ्या अशिलाला काही माहीत नाही. शपथेवर विचारा.”

मला तेच हवं होतं. तात्या पिंजऱ्यात उभे राहिले. स्वच्छ कोट, हातात टोपी. “पुतण्या मुंबईस गिरणीत आहे. पलटणीचं मी आजच ऐकतो,” म्हणाले. आवाजही कापला नाही. म्हातारी मागच्या बाकावरून उठू लागली, तिला मी हाताला धरून बसवलं.

“एक महिना देतो,” साहेब म्हणाले. “पलटणीचा कागद आला नाही, तर ताबा जाईल.”

तीन दिवस उरले असताना पाकीट आलं. सर्टिफिकेट होतं. सोबत पाच पत्रं होती. दावा दाखल झाल्यावर आठ दिवसांनी लिहिलेलं एक मी कोर्टात वाचलं. ‘चिरंजीव गोविंदास अनेक आशीर्वाद. तुझी आई खुशाल आहे. घराची काळजी नसावी. इतक्यात रजा मागू नकोस, साहेबाची मर्जी जाईल.’ पाकिटावर नंबर, पलटण, सगळं तात्यांच्या वळणदार अक्षरात.

साहेबांनी ते पत्र आणि दाव्याचा अर्ज शेजारी शेजारी ठेवून सह्या पाहिल्या. तात्यांनी मान खाली घातली. हुकूमनामा रद्द झाला. गोविंदा परत येईपर्यंत दावा तहकूब. मग साहेबांनी चष्मा काढला.

“खोट्या शपथेबद्दल अर्ज द्यायचा असेल तर द्या. मी बघतो.”

अर्ज माझ्या खिशात तयार होता. व्हरांड्यात येऊन मी म्हातारीला तो समजावून सांगितला.

“म्हंजे तुरुंगात घालतील त्यांना?”

“घालायलाच हवं.”

“नको ओ, वकीलसायब.”

“का? दया आली?”

“दया कसली! मेल्यानं माजं घर काडून घेतलं होतन. पन मग गोविंदाचं पत्र कोन वाचल?”

मी ओरडलोच तिच्यावर. माझ्याकडे या म्हटलं, मी वाचीन, मी लिहीन.

“दर पत्राला तर उतरून येऊ? त्याचं पत्र हातात घेऊन रातभर बगत बसू? जिता हाय का मेला तेबी कलायचं नाय मला.”

अर्ज मी दिला नाही. तात्या पुढे आणि दहा पावलांवर मागे ती, अशी दोघं एकाच तरीकडे निघाली. मला इतकी चीड आली होती की त्या दिवशी मी दुसरं काम हातात धरलं नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

पुढे पलटणीत जाणारा कुणी कागदपत्रांसाठी आला, तर जमीन, घर, वारस हे सगळं मी मागाहून विचारत असे. आधी विचारी, “घरी पत्र वाचणार कोण?”