समोरच्या घरची चटणी

समोरच्या घराचं लोखंडी फाटक उघडताना करकरायचं. उन्हाळा लागला की सकाळपासून त्याची करकर सुरू व्हायची, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्यासमोर. रिकामा डबा घेऊन कोण आत गेलं, भरलेला घेऊन कोण बाहेर आलं, सगळं मला शेगडीपाशी उभ्या उभ्या दिसायचं. बघायचं नाही असं ठरवलं तरी मान वळायचीच.

आम्हा कोल्हापूरकरांची चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची चमचाभर चव नव्हे. चटणी म्हणजे घराचं वर्षाचं तिखट. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने भाजायचे, गिरणीतल्या डंकावर कुटून आणायचे आणि बरणीत दाबून भरायचे. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी मी ती करून विकायला लागले, तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती. समोरची बाई या धंद्यात माझ्यानंतर आली, चांगली दोन उन्हाळ्यांनी. हे मुद्दाम सांगते, कारण पेठेत आता कुणालाच ते आठवत नाही. माझी गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. एक शिक्षिकाबाई तेवढ्या तोंडावर बोलल्या, "वैनी, तुमची चटणी हल्ली जरा कडवट लागतीया." मी म्हटलं, यंदा मिरचीच तशी आलीय. मनात म्हटलं, हिचे कान समोरच्या बाईनंच फुंकलेत.

नवी चटणी झाली की शेजारी वाटीभर द्यायची, अशी आमच्या गल्लीत पद्धत. ती दरवर्षी हसत वाटी आणून द्यायची. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून मीही तीतूनच माझी चटणी पाठवायची. घरात चटणीचे डबेच्या डबे भरलेले असताना आमचे हे जेवताना तिची वाटी ओढून घ्यायचे. "बरी झालीय की," एवढंच म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या चटणीला त्यांनी कधी बरी म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही.

पुढे मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. ब्लॉगचं खूळ तेव्हा नवीन होतं. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला ब्लॉग काढून दिला आणि खाली घरचा फोन नंबर टाकला. "आई, गिऱ्हाईक पेठेतलंच कशाला पाहिजे? तू लिही, जगभर वाचतील," म्हणाली. मी खिडकीतून पलीकडे बघितलं आणि मला फार बरं वाटलं. समोर साधा कॉम्प्युटरही नव्हता.

एका बोटानं टाइप करत मी माझ्या चटणीवर तीन लेख लिहिले. शुद्ध, घरगुती, पारंपरिक, सगळे शब्द वापरून झाले. एकच प्रतिक्रिया आली, 'अप्रतिम'. ती मुलीनं मैत्रिणीच्या नावानं टाकली होती, हे मला लगेच कळलं.

मग मार्चमध्ये समोरची भाजणी सुरू झाली. तिच्या मिरचीच्या खकाण्यानं सगळी गल्ली खोकत होती, आणि तरी बायका डबे घेऊन फाटकात उभ्याच. माझं डोकं सणकलं. मी तशीच कॉम्प्युटरपुढे बसले आणि तिच्यावर लिहून काढलं. नाव तेवढं घातलं नाही, करकरणारं फाटक मात्र आलं. मिरचीचा एकेक देठ ती स्वतः खुडते, मदतीला बाई ठेवत नाही, कारण जगात हिच्याशिवाय कुणाला काही येतच नाही. अंगणात भाजायला बसली की कढईवरची नजर काढत नाही, दारात पाहुणा आला तरी मान वर न करता "थांबा" म्हणते. डंकावर नंबर आला की आधी मूठभर खडेमीठ कुटायला लावते, आधीच्या बाईची हळद हिच्या चटणीला लागू नये म्हणून. मागची रांग उन्हात खोळंबली तरी हिला काही नाही. एवढा तोरा, असं लिहून मी लेख संपवला.

तो लेख लोकांनी डोक्यावर घेतला. दुबईहून, अमेरिकेहून प्रतिक्रिया आल्या. कुणाला आई आठवली, कुणाला आत्या. वाचता वाचता ठसका लागला, असं एकीनं लिहिलं. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, या काकूंची चटणी कुठे मिळेल? त्याला मी उत्तर दिलं नाही. पुढचा लेख पुन्हा माझ्या चटणीवर लिहिला, तर सगळीकडे सामसूम. झक मारत मी परत स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मे महिन्यात पुण्याच्या एका जोडप्याचा फोन आला. नृसिंहवाडीला दर्शनाला आलो होतो, तुमचा ब्लॉग नेहमी वाचतो, चटणी न्यायची आहे, म्हणाले. मी घाईघाईनं पोहे टाकले, टेबलावर माझी पाकिटं मांडून ठेवली. जोडप्यातल्या पोरीनं पोहे आवडीनं खाल्ले. मग हात धुवायला स्वयंपाकघरात आली आणि खिडकीशीच थांबली. "काकू, हेच ना ते फाटक? त्या काकू असतील का आता घरी?"

काय करणार? मीच त्यांना पलीकडे घेऊन गेले.

"या की पावणं, आत या," समोरची म्हणाली. पोरीनं तिला सगळं सांगितलं आणि पर्समधून छापून आणलेला लेख काढला. समोरची माझ्याकडे बघत राहिली. "माझ्यावर लिवलंय व्हय? वाचा की मग." पोरीनं अथपासून इतिपर्यंत वाचलं, मोठ्यानं, कौतुकानं. तोऱ्याचं वाक्यही वाचलं. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. समोरची शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरं हाय की. असंच करते मी." आणि तिनं त्यांना चटणी बांधून दिली.

गाडी गेल्यावर आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो.

"वैनी, एवढं समदं तुमच्या खिडकीतनं दिसतंय व्हय?"

"दिसतं की."

"आणि तुमची भाजायची शेगडी तिथंच हाय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग तुमची मिरची करपंल न्हाय तर काय हुईल? तुम्ही सारख्या हिकडं बघताय."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर ब्लॉगवर मी काही लिहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेगडी मागच्या परड्यात नेली. चटणी चांगली झाली. यांनी पहिल्यांदाच "बरी झालीय की" म्हटलं. परड्यातून समोरचं काही दिसत नाही. फाटकाची करकर मात्र तिथपर्यंत येते.