धुण्याआधी बघा

इंग्लंडात ट्रेंट नदीकाठच्या आमच्या छोट्या कारखान्यात श्रीमंतांच्या मोठ्या गाड्या बनत. युद्धानंतरच्या त्या वर्षांत नव्या नमुन्याची एक गाडी फ्रान्सच्या रस्त्यांवर दहा हजार मैल पळवून आणायची आणि मग हॉरेस फर्नच्या स्वाधीन करायची, असा शिरस्ता होता. हॉरेस तिचा नट न् नट सुटा करी आणि कुठे काय झिजलं ते पाही. त्याचा एकच हट्ट होता: त्याने बघितल्याशिवाय कुठलाही भाग धुवायचा नाही. "मळ बोलतो," तो म्हणे. "अंघोळ घातली की गप्प बसतो."

गाडी चालवणारा मी. त्याआधी ओतशाळेत लोखंड ओतायला होतो. तिथल्या धुराने छाती धरली होती. मोकळा रस्ता मिळाला आणि खोकला थांबला.

एका शरदात मी आणलेली गाडी अर्ध्या वाटेपासून खडखडत होती. एक बेअरिंग जळालं होतं. कारखान्याच्या ऑर्मरॉड साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "विल्फ, तेल बघत होतास, की वाइन?"

"रोज सकाळी तेल बघायचो, साहेब."

"मग बेअरिंग जळलं कसं? इंजिन उघडू दे. तेल कमी पडलेलं दिसलं, तर सोमवारपासून तू परत ओतशाळेत."

हॉरेस इंजिन उघडत होता तेव्हा मी दारातच उभा राहिलो. आमच्याकडे बाप्याही बाप्याला लाडाने बदक म्हणतो. "काय रे बदका, फ्रेंच पाणी बाधलं का?" असं जाता-येता कुणीतरी विचारत होतं.

हॉरेसने क्रँकशाफ्टच्या तेलाच्या भोकातून तारेने एक काळा, चिकट बोळा ओढून काढला. अंगठ्याने पसरला आणि तसाच उभा राहिला.

इंजिन पुसायला बाकीचे कारखान्यातला सुताचा चोथा वापरत. "धागे सुटतात त्याचे, गाढवांनो!" म्हणून हॉरेस त्यांना हिणवी, आणि स्वतः बायकोचे जुने फलालिनचे झगे घरून फाडून आणी. बोळ्यावर निळी फुलं होती. हे इंजिन वसंतात त्यानेच जोडलं होतं.

मला दारातून फुलं दिसली नव्हती. कुणालाच नाही. भाग धुवायचं रॉकेलचं घमेलं त्याच्या कोपराशी होतं.

"साहेबांना बोलवा कुणीतरी," तो म्हणाला. "आणि तू रे, पाहुण्यासारखा दारात काय? ये इकडे."

साहेब आले. "तेल भरपूर होतं, साहेब. वाट बंद होती. हा आमच्या एडिथचा झगा. माझ्याच हातून आत राहिला."

"खात्री आहे?"

"सबंध हिवाळा याच फुलांशेजारी झोपलोय, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले. हॉरेस मात्र हसला नाही. त्याच दुपारी इंजिन जोडण्याचं काम, जे त्याला जिवापाड आवडे, त्याच्याकडून काढून घेतलं. ते परत मिळालं नाही. उरलं ते फक्त सुटं करणं.

मी आभार मानायला गेलो. "हॉरेस, तू..." एवढंच जमलं.

"माझी चूक तुझ्या छातीत कशाला घालू?" तो म्हणाला आणि पान्याकडे वळला.

सोमवारी मला दुसरी गाडी मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी रस्त्यावरच राहिलो. आता ऐंशी ओलांडली, तरी जिना न थांबता चढतो. डॉक्टर छाती ऐकून नवल करतात. मी त्यांना हॉरेस फर्नचं नाव सांगतो, आणि ते लिहूनही घेतात. त्यांना वाटतं, कुणी आधीचा डॉक्टर असेल.