कायमचे कागद तळाशी

आम्ही निवृत्त कोर्ट-कारकून चहाला जमलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग रेकॉर्ड रूमची. किस्सेही जुन्या फायलींसारखेच. रचत जायचे, नष्ट करायला कुणाची सही मिळत नाही.

*

नियम सोपा. खटला संपला की फाइलमधले कागद वेगळे करायचे. निकाल कायम जपायचा. तारखांचे अर्ज, दाखले वगैरे ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे. आमच्याकडे नष्ट करायचे गठ्ठे हाताशी हवेत म्हणून वर ठेवत. कायमचे कुठे पळून जाणार? ते तळाला, फरशीवर.

वाळवी फरशीतून आली.

शिपाई महादेव म्हणाला, "सायब, लय शिस्तीची हाय. नाशाच्या एका कागदाला तोंड लावलं न्हाई."

*

त्याच सुमारास रहिमतपूरचे शिंपी बाबालालचाचा आले. बायकोला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले होते, तेवढ्यात चुलतभाऊ रसूलनं त्यांच्या दोन्ही खोल्यांना आपलं कुलूप घातलं. याच खोल्या कोर्टानं पूर्वी रसूलविरुद्धच्या दाव्यात चाचांना दिलेल्या. पोलीस म्हणाले, निकालाची नक्कल आणा.

"तुमची स्वतःची प्रत कुठाय?" मी विचारलं.

"ट्रंकेत हाय."

"आणि ट्रंक?"

"खोलीत."

*

फाइल शोधली. निकाल सोडून सगळं सापडलं. रसूलच्या वकिलाला जुलाब झाल्याचा डॉक्टरी दाखला तर कालच दिल्यासारखा कोरा करकरीत.

चाचांनी तो नीट वाचला. "आता बरं हाय का त्यास्नी?"

"वारले."

*

लोखंडी रॅक मागितले. वरून उत्तर आलं, आधी जुनं रेकॉर्ड नष्ट करा, म्हणजे रॅक लागणारच नाहीत. नष्ट करायला समिती लागते. समिती आली, दारातूनच डोकावली आणि 'पाहणीसाठी आत जाण्यास जागा नाही' असा शेरा मारून परत गेली.

सांगलीकडचा माझा एक कारकून मित्र म्हणाला, "आमच्याकडं पूर तरी येतो गड्या. तुमी कारण काय सांगणार?"

चाचा तोवर मेव्हण्याच्या पडवीत राहत होते. आजारी बायको एका बाजूला, शिलाई मशीन दुसऱ्या बाजूला.

*

मग स्कॅनिंग आलं. जुने कागद हातात तुटतात, म्हणून आधी धडधाकट कागद घेतले. कॉम्प्युटरवर चाचांची फाइल उघडली. जुलाबाचा दाखला मोठा करून दाखवला.

चाचा स्क्रीनजवळ वाकले. "डाक्टरची सही वाचता येतीया," म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

*

शेवटी न्यायाधीशांनी फाइल पुन्हा तयार करायचं ठरवलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापल्या प्रती आणून द्यायच्या आणि कोर्टानं त्यावरून नवी फाइल करायची. चाचांनी हात जोडून ट्रंकेचं सांगितलं.

न्यायाधीश रसूलकडं वळले. "तुमच्याकडं प्रत आहे?"

"न्हाई, सायब."

"पण निकाल यांच्या बाजूनं लागला होता, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

रसूलनं चाचांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग अगदी अदबीनं म्हणाला, "ह्यांच्याकडं कागद न्हाई. कोर्टाकडं बी न्हाई. मग सायब, मी हरलो कशावरनं?"